घर कसं आहे?

शनिवारी सकाळी सहा चाळीसला नुआन आजीच्या अंगणात शेवयांची पहिली टोपली उतरली. लमोमने ती स्वतः उचलून ओट्यावर ठेवली. तिचा नवरा प्रसित गाडीच्या फळीवर उभा राहून दुसरी पुढे सरकवत होता. टोपल्या आठ होत्या. प्रत्येकीवर केळीचं पान, पानावर ओलं फडकं. वरात नऊ वाजून नऊ मिनिटांनी मुलीच्या घराकडे निघायची होती. ती परत आली की इथल्या मांडवात साडेतीनशे माणसं जेवायची होती. मांडवामागे माशाची पिवळी आमटी रटरटत होती आणि चार बायका कच्च्या भाज्या निवडत बसल्या होत्या.

त्यांच्याआधी बर्फाची गाडी येऊन उभी होती. बर्फवाला एक अख्खी लादी गोणपाटात गुंडाळून घराच्या मागच्या बाजूला ओढत नेत होता.

“सरबताला फोडलेला बर्फ लागतो हो,” प्रसितने त्याला हटकलं. “ह्या लाद्या कोण फोडणार? तुझे सासरे?”

“मला काय विचारता? फोनवर चार अख्ख्या सांगितल्या, चार आणल्या.”

लमोमने लादी ओढल्याच्या ओल्या पट्ट्याकडे पाहिलं. तो मांडवाकडे वळला नव्हता. पायऱ्यांच्या कडेने मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला होता.

मागची खोली नुआन आजीची. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, तेव्हापासून ती तिथेच होती. पाक फनांग नदीच्या त्या काठावर शेवया म्हटलं की चाळीस वर्षं तिचंच नाव निघायचं. तांदूळ तीन दिवस आंबवायचा, धुवायचा, दगडाखाली दाबायचा, अर्धवट उकडून कुटायचा, मळायचा, मग भोकांच्या पत्र्यातून उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि गार पाण्यातून काढून हातावर लडी वळायची. लमोम हे सगळं तिच्याकडेच शिकली. नऊ वर्षं तिच्या हाताखाली होती. अकरा वर्षांपूर्वी तिने कर्ज काढून पीठ मळायचं यंत्र घेतलं आणि नदीपलीकडे स्वतःची भट्टी लावली. आजी तेव्हा भर बाजारात म्हणाली होती, “यंत्राचं पीठ मी कोंबड्यांना घालीन. पण आधी कोंबड्यांना विचारावं लागेल.” बाजार हसला. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. लमोमच्या हातची एकही शेवई आजीच्या तोंडात गेली नव्हती.

म्हणून आजीच्या नातवाच्या लग्नासाठी शेवयांची मागणी आली तेव्हा लमोमने निरोप्याला दोनदा विचारलं, कुणी सांगितलं? आजीनेच, तो म्हणाला. या खेपेला तिने यंत्रावर कापड टाकलं आणि पायाने चालवायचं जुनं उखळ बाहेर काढलं. चाळीस किलो पीठ कुटून तिचे गुडघे सुजले.

“म्हातारीला चव कळेल की नाही, देव जाणे,” प्रसित म्हणाला होता. “तुझे गुडघे मात्र तिला नक्की कळतील.”

शुक्रवारी दुपारी पहिल्या घाण्यातली एक लडी तिने निळ्या एनॅमलच्या डब्यात घातली आणि प्रसितच्या हाती पुढे पाठवली. प्रसितला फाटकातूनच परतावं लागलं. आजीची मुलगी सायफिन, नवरदेवाची आई, बाहेर आली, आई झोपली आहे म्हणाली, डबा घेतला आणि आत गेली. पुढे काय झालं, ते लमोमला कळलं नव्हतं. रात्रभर तिच्या डोक्यात तेवढंच होतं.

आणि एक नियम होता. तोही आजीचाच. शेवई लांब, म्हणून लग्नात हवी, संसार लांबावा म्हणून. मयताच्या घरी ती चालत नाही, कारण तिथे मरण लांबतं, एकामागे दुसरं येतं. म्हणून आजी घरवाल्यांना तीनदा विचारायची: तांदूळ भिजवताना, पीठ कुटताना आणि टोपली हवाली करताना. प्रश्न एकच, ‘घर कसं आहे?’ बरं आहे, असं उत्तर आलं की ती पुढचं पाऊल टाकायची. तिसऱ्या उत्तरानंतरच टोपलीवरचं पान उचलायची. एकदा एका लग्नघरी तिसऱ्या वेळी यजमान गप्प राहिला. पहाटे त्याची आई गेली होती. आजीने साठ किलो शेवया परत गाडीत चढवल्या आणि डुकरांना घातल्या. लमोम तेव्हा तिच्याबरोबर होती. वाटेत आजी एवढंच म्हणाली होती, “माहीत नसताना दिलं तर दोष त्यांचा. माहीत असून दिलं तर आपला.”

या लग्नासाठी लमोमने मंगळवारी फोनवर विचारलं होतं. सायफिन म्हणाली, बरं आहे. शुक्रवारी सकाळी विचारलं. तेव्हाही बरं आहे, म्हणाली.

आता सायफिन पायऱ्या उतरून येत होती. अंगावर जांभळं रेशमी नेसण, केस बांधलेले, ओठ रंगवलेले. तारीख आजीनेच काढली होती. नवरीला चौथा महिना होता, आणि मुलाला सोमवारी समुद्रातल्या तेलविहिरीवर दोन महिन्यांसाठी कामावर परतायचं होतं. घरात मयत झालं असतं तर निदान शंभर दिवस लग्न नव्हतं.

“ये ग ताई,” सायफिन म्हणाली. “चहा घेतलास का?”

“आधी टोपल्या धर. पाणी गळतंय.”

दोघींनी मिळून तिसरी टोपली उतरवली. कड धरताना सायफिनची बोटं लमोमच्या बोटांना लागली. बोटं लाल झाली होती आणि गार होती, माशांच्या पेटीत हात घालून काढावेत तशी. लमोमने टोपली खाली ठेवली आणि हात फडक्याला पुसले.

समोरच्या तीन मजली बिनखिडक्यांच्या इमारतीवर पाकोळ्यांना बोलावणारा भोंगा किलबिलत होता. पाकोळ्यांची खाण्याची घरटी विकता यावीत म्हणून तो दिवसभर चालू असतो. एरवी तो कुणाच्या कानावर येत नाही.

आठही टोपल्या लागल्या. प्रसित गाडीची फळी लावायला गेला. सायफिन हलली नाही.

“ताई, विचार ना.”

“काय?”

“तू विचारतेस ते. आई म्हणाली, लमोम तिसऱ्यांदा तोंडावर विचारेल. तेव्हा खोटं बोलू नकोस, तिला कळतं. मीच शिकवलंय तिला, असं म्हणाली.”

“कधी म्हणाली?”

शब्द लमोमच्या तोंडातून निसटला होता. सायफिनने श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

“राहू दे,” लमोम म्हणाली. “नको सांगूस.”

“ताई, पण—”

“आमटी चाखलीस का? माझ्या शेवयांत मीठ कमी असतं. आमटी अळणी झाली तर लोक मला नावं ठेवतील, तुला नाही.”

 सायफिनने मांडवाच्या दिशेने तोंड करून हाक मारली, “ए पोरींनो, आमटीचं मीठ बघा ग एकदा.” हाक मधेच चिरकली. तिने खोकून घेतलं.

लमोम वाकली. पहिल्या टोपलीवरचं ओलं फडकं तिने काढलं, पिळलं, खांद्यावर टाकलं. पान दोन्ही कडांनी धरलं आणि उचललं. लड्या गोल, एकीला एक लागून बसल्या होत्या. मधे एकही तुटका धागा नव्हता. दुसरं पान उचललं. तिसरं. आठवं उचलून झाल्यावर ती ओट्याला धरून सरळ झाली.

नवरदेव दाराशी आला होता, पांढऱ्या कोटात, गळ्यात मोगऱ्याची माळ. त्याने हात जोडले.

“मावशी, जेवल्याशिवाय जायचं नाही हं.”

“गुडघे बघ माझे. मांडवात बसले तर उचलायला चार माणसं लागतील. तू वरात सांभाळ.”

तो हसला आणि आत जाताना मागच्या खोलीच्या दारावरून पुढे गेला. दार बंद होतं. आत पंखा चालल्याचा आवाज येत होता, एकाचा नव्हे, दोन-तीन पंख्यांचा.

निघताना सायफिन गाडीपर्यंत आली. तिच्या हातात निळा डबा होता, झाकणावरून दोरी बांधलेला.

“तुझा डबा. आईने कालच्या—”

“दे इकडे.”

लमोमने खिडकीतून तो घेतला आणि मांडीवर ठेवला. प्रसितने गाडी सुरू केली. पुलावर त्याने वेग कमी केला.

“विचारलंस?”

“कुणाला?”

“बरं, ते राहिलं. डबा जड आहे की हलका?”

“लग्नघरातून रिकामा डबा कुणी परत देतं का? काहीतरी गोड घातलं असेल.”

“नाहीतर तुझीच लडी असेल, जशीच्या तशी. उघड की.”

“समोर बघून गाडी चालव.”

नऊ वाजून नऊ मिनिटांनी नदीपलीकडून ढोल ऐकू आले. लमोम तेव्हा भट्टीतली राख काढत होती. तिने हात थांबवला नाही.

रविवारी सकाळी आठला सायफिनचा फोन आला. आई काल संध्याकाळी चार वाजता गेली. पोरं वरातीहून आली, तिच्या पाया पडली, आणि मग आई गेली. दुपारी दोनला देवळात तिच्या हातावर शेवटचं पाणी घालायला ये. शेवया पुरल्या, एक लडी उरली नाही. सगळे विचारत होते, ह्या कुणाच्या म्हणून. सायफिन हे सगळं पाठ केल्यासारखं एका दमात बोलली. लमोम म्हणाली, “येते.” आणखी काही विचारलं नाही.

गावच्या भोंग्यावर गावप्रमुखानेही मरणाची तीच वेळ सांगितली, शनिवार, चार.

प्रसितने काळा सदरा शोधून काढला. डबा फळीवर होता, दोरी तशीच, गाठ तशीच.

“आता तरी उघड,” तो म्हणाला. “गोड असेल तर खाऊन टाकू.”

“असू दे.”

लग्नाची मिठाई आठवडाभर टिकते. शेवया उन्हाळ्यात दोन दिवसांत नासतात आणि झाकणातूनही त्यांचा वास लपत नाही. डब्यात लडीच असेल तर ती शुक्रवारी दुपारची होती. लमोमने काळं लुगडं नेसलं, फळीसमोर क्षणभर उभी राहिली, आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

रविवारी दुपारी दीड वाजेपर्यंत वास आलेला नव्हता.