म्हशीनं पारखलेली होडी

यल्लव्वा होडी पसंत करायला म्हैस घेऊन आली, तेव्हा घाटावरची माणसं पोट धरून हसली. हसणाऱ्यांचं काय जातं? पुरात त्या होडीत त्यांचा पोरगा थोडाच बसणार होता. शेवंतीचं दावं हातात गच्च धरून म्हातारी पायऱ्या उतरली आणि कुणाकडं न बघता पाण्याशी जाऊन उभी राहिली.

कृष्णा अजून पात्रातच होती, पण तिचा रंग पालटला होता. मधल्या धारेतून ओंडके, केळीची खोडं, कुणाच्या तरी परड्यातलं कुंपण असं काहीबाही वाहत चाललं होतं. शिरोळ भागातल्या नदीकाठच्या माणसाला एवढं दिसलं की पुढचं सांगावं लागत नाही. आणखी थोडा पाऊस झाला की नदी उसात शिरणार, रस्ते गिळणार, आणि नजर जाईल तिथपर्यंत पाणीच पाणी होणार. त्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. मग गावाबाहेर जायचं तर होडी, आणि होडी म्हणजे भोयाचं घर. यल्लव्वाचा पिराजी एरवी जाळं टाकून मासे धरायचा, पण पुरात बाळंतिणीपासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळं त्याच्याच होडीतून जायचं.

त्याचा बाप केरबाही हेच करायचा. महापुराच्या साली तो चंद्री म्हशीला आणायला गेला. इकडचा माणूस एक वेळ घर सोडेल, पण गोठ्यातलं जनावर सोडणार नाही. होडीच्या कडेच्या खुंटीला दावं बांधायचं आणि म्हशीला शेजारून पोहवत आणायचं, ही इथली जुनी रीत. यल्लव्वा शाळेच्या गच्चीवरून बघत होती. निम्म्या वाटेत होडी कलली आणि दिसेनाशी झाली. केरबा पाणी ओसरल्यावर सापडला. चंद्री मात्र त्याच दिवशी, उखडलेली खुंटी दाव्यासकट ओढत, माळावर येऊन उभी राहिली. शेवंती ही तिचीच रेडी.

होडीनं दगा दिला, असं यल्लव्वा तेव्हापासून सांगत आली होती. होडी धड असती तर नवरा जिता असता, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून पोराची होडी तीच निवडणार होती. म्हशीच्या ओढीला जी उलटेल ती घ्यायची नाही, मग कुणी हसो नाहीतर रडो.

होड्या आणल्या होत्या अमरसिंहनं. तो कोकण किनाऱ्यावरून जुन्या-नव्या होड्या टेम्पोत घालून घाट चढवून आणायचा आणि नदीकाठच्या गावांत विकायचा. आज दोन होत्या. एक पत्र्याची, सपाट तळाची, रुंद. दुसरी फायबरची, समुद्रावर चाललेली, काठ उंच आणि तळ निमुळता. गावानं आपला निकाल कधीच देऊन टाकला होता. पत्र्याच्या होडीत चार गडी उभे राहिले तरी ती हलत नव्हती. समुद्राच्या होडीत यल्लव्वानं पाय ठेवला, तशी ती अशी डुलली की म्हातारी मटकन खाली बसली. पिराजीला मात्र हीच हवी होती. लाटेत ही चढती, पत्र्याची नुसती आपटती, असं तो घरी दहांदा बोलला होता आणि आईनं दहांदा उडवून लावलं होतं.

म्हैस बांधायची म्हटल्यावर अमरसिंह भडकला. आजवर गिऱ्हाइकानं होडी ठोकून बघितली, वास घेऊन बघितली, पण जनावर बांधून बघणारं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं, असं तो तोंडावर बोलला.

"पावणं, पुरात तुमची व्हडी काय वरातीला न्यायची न्हाय," यल्लव्वा म्हणाली. "म्हसच बांधायची हाय तिला."

आधी पत्र्याची. काठाजवळच, कमरेएवढ्या पाण्यात, पिराजी आत बसला आणि शेवंतीचं दावं कडेच्या खुंटीला बांधलं. म्हशीनं ओढ घेतली. होडी हलली नाही. आणखी ओढली, तरी हलली नाही. लोक माना डोलवायला लागले, आणि तेवढ्यात कसलीही चाहूल न देता ती एका दमात पालथी झाली. पिराजी पाण्यातून दात काढत उठला आणि सगळा घाट हसला. यल्लव्वा पालथ्या होडीकडं बघत होती. केरबाची होडी अशीच होती. सपाट, शांत, शेवटपर्यंत भरवशाची वाटणारी.

आता दुसरी. ही काठाजवळ नको, मधल्या धारेत न्या, आणि मीपण बसणार, असं तिनं सांगितलं. पिराजी नको म्हणाला, अमरसिंह नको म्हणाला, दोघांचंही तिनं ऐकलं नाही. शेवटी अमरसिंह मागं मशीनपाशी बसला, पिराजी मध्ये दाव्यापाशी आणि यल्लव्वा पुढं. पिराजीनं रिवाजाप्रमाणं कोयता पायाशी ठेवला. होडी निघाली. शेवंती नाक वर करून शेजारून पोहत येत होती.

धारेत शिरताच होडीखालचं पाणी बदललं. पुढचा भाग वर उचलायचा आणि धपकन खाली बसायचा. यल्लव्वानं दोन्ही हातांनी काठ धरला होता. जन्म नदीवर गेलेली बाई ती, पण आज तिला काठ सोडवेना. घाटावरची माणसं लहान दिसायला लागली होती आणि आता हसण्याचा आवाजही येत नव्हता.

ओंडका कुणाला आधी दिसलाच नाही. पाण्याखालून आला आणि शेवंतीच्या अगदी तोंडापुढं वर निघाला. म्हैस बुजली. ती गर्रकन वळली आणि धारेबरोबर खाली निघाली. दावं ताठ झालं आणि होडी त्या अंगाला कलली. काठ पाण्याला टेकायला चार बोटं उरली. यल्लव्वानं डोळे मिटले. आता गेलो, एवढंच तिच्या मनात आलं.

पण होडी गेली नाही. तिथंच, तेवढीच कललेली, थरथरत राहिली. मागून अमरसिंहचा आवाज आला.

"दावं तोड! पिराजी, तोड ते!"

यल्लव्वानं डोळे उघडून मागं बघितलं. दावं इतकं ताणलं होतं की खुंटीवरची गाठ सुटणं शक्य नव्हतं. कोयता पिराजीच्या पायाशी होता. त्यानं तो बघितला होता, तिनं त्याला बघताना बघितलं. पण त्याचे दोन्ही हात दाव्यावर होते. तो बाहेर वाकला होता आणि म्हशीला चुचकारत होता.

"हो, हो, शेवंते. ये बाय. हिकडं ये." आणि मागं न बघताच तो ओरडला, "दम धरा वाईच! येती ती!"

लाट आली, काठावरून पाणी आत पडलं. यल्लव्वाच्या मांडीपर्यंत चढलं. पिराजी आणखी बाहेर वाकला. बापाचाच वाकलेला पाठीचा कणा, तीच मान. शाळेच्या गच्चीवरून एवढं लांबचं दिसलं नव्हतं. केरबाच्याही पायाशी कोयता होता. त्याच्याकडं तो कायमच असायचा. आणि तोही असाच दाव्याला धरून, असाच चंद्रीला बोलावत राहिला असणार. वेळ होता त्याला. पालथी होण्याआधी होडीनं ओढ सोसून त्याला वेळ दिला होता.

ती गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी आली, कोयता उचलला आणि खुंटीपाशी घाव घातला. एका घावात दावं तुटलं. होडी उसळून सरळ झाली, दुसऱ्या अंगाला झुकली, पुन्हा सावरली आणि पाण्यावर डुलत राहिली. पिराजी आत आडवा पडला होता. शेवंतीचं डोकं धारेबरोबर खाली गेलं आणि वळणाआड दिसेनासं झालं.

"अव्वा, काय केलंस हे? म्हस गेली की आपली," तो म्हणाला.  कोयता तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि घाटाला लागेपर्यंत तो खाली ठेवला नाही.

काठावर आल्यावर अमरसिंहला तोंड फुटलं. बघितलं ना, पाणी आत आलं तरी उलटली नाही, समुद्राची चीज आहे, असं तो चारचौघांना ऐकवत होता. त्याचं खोटं नव्हतं. यल्लव्वानं भिजलेलं लुगडं पिळलं, होडीच्या काठावरून हात फिरवला आणि हीच घ्यायची म्हणून सांगितलं. अमरसिंह हसला. पण तिचं संपलं नव्हतं.

"पुढची खुंटी ऱ्हाऊ द्या, व्हडी बांधायला. कडंच्या सगळ्या कापून टाका."

अमरसिंहला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला की खुंट्या होडीच्या कामाच्या असतात, चांगल्या मजबूत आहेत, त्या कापायचं काय कारण? पिराजीही रागानं उठला. आधीच त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आणि पुरात म्हस आणायची झाली तर? बांधायची कुठं?"

तेवढ्यात खालच्या अंगाला कुणीतरी हाळी दिली. वळणापलीकडं नदीकाठच्या गाळाच्या रानात, मळीत, शेवंती उभी होती. गळ्यात तुटकं दावं, अंगभर चिखल, आणि तोंडात कुणाच्या तरी उसाच्या शेंड्याचा हिरवा वाढा. लोक पुन्हा हसायला लागले. पिराजीही हसत पळणार होता, पण आईनं त्याचा दंड धरला. इतका घट्ट की त्याला वळून बघावं लागलं.

"चंद्रीबी अशीच आलती," ती म्हणाली. "तिला पवता येत हुतं. तुझ्या बापालाबी येत हुतं, पिराजी. पर त्यानं दावं सोडलं न्हाय."

 पिराजी मळीकडं न जाता होडीपाशी गेला, खाली बसला आणि त्यानं अमरसिंहकडं करवत मागितली.