पाळण्याजवळ एक मिनिट

"'वापरात नसलेल्या फाइल्स' म्हणजे कोणाच्या वापरात नसलेल्या, तेही लिही बाई," असं आमच्या साउंडवाल्या काकांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "काका, तो एजंट आहे, वकील नाही." आणि पुढच्या टूलकडे वळले.

आमच्या गेम कंपनीत बरीचशी किरकोळ कामं आता एआय एजंट करतो. ऑफिसात सगळे त्याला जावईबापू म्हणतात. त्याच्यावर आवाज चढवून उपयोग नसतो, सगळं गोडीगुलाबीनं आणि सविस्तर सांगावं लागतं, आणि तरी तो काय मनावर घेईल याचा नेम नाही. त्याच्या हाताशी चाळीसेक टूल्स आहेत. कुठलं टूल काय करतं, कधी वापरायचं, हे त्याच्यासाठी लिहून ठेवणं हे माझं काम. मी लिहीन तसंच तो वागतो. घरी माझं इतकं कोणी ऐकत नाही.

साफसफाईच्या टूलसाठी मी दोन ओळी लिहिल्या : 'वापरात नसलेल्या फाइल्स शोधून कायमच्या काढून टाकते. जागा कमी पडल्यास वापरावे.' तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, ठमीला, म्हणजे माझ्या लेकीला, शिंका येताहेत म्हणून. किती शिंका, लागोपाठ की थांबून थांबून, हे विचारण्यात मी दहा मिनिटं घालवली. टूलच्या वाट्याला दोनच ओळी आल्या.

मग एकदा जागा कमी पडली. जावईबापूंनी साफसफाई केली आणि कळवलं : 'एकशे बारा फाइल्स काढल्या. सर्व चाचण्या यशस्वी.' मी खूश.

तीन दिवसांनी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हेडफोन गळ्यात, चेहरा पडलेला.

"ठमी हसत नाहीये."

मी पाळणाघराचा नंबर लावलासुद्धा.

"अगं, ती नाही. गेममधली."

ठमी पाच महिन्यांची असताना काकांनी तिचं पहिलंवहिलं खळखळून हसणं रेकॉर्ड केलं होतं. आमच्या गेममध्ये एक ओसाड घर आहे, त्याच्या माळ्यावर पाळणा आहे. खेळणारा त्या पाळण्याजवळ काहीही न करता पूर्ण एक मिनिट उभा राहिला, तरच आतून ते हसू ऐकू यायचं. अवचित सापडावं म्हणून काकांनी ते गेमच्या फाइल्सच्या यादीत कुठेही न लिहिता स्वतः पाळण्याला जोडलं होतं. यादीत नाही, म्हणजे वापरात नाही. चाचणी घेताना एजंट पाळण्याजवळ गेला होता. मिनिटभर थांबला मात्र नव्हता.

"मग जुन्या आवृत्तीतून काढू ना," मी म्हटलं.

"जुन्या आवृत्त्या कोण वापरतं?"

हा प्रश्न आहे की टोमणा, मला कळेना. मग उमगलं. त्याही गेल्या होत्या.

ते हसू माझ्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. तेव्हाचा फोन खुद्द ठमीनेच बादलीत बुडवला.

काकांनी घरची जुनी डिस्क धुंडाळली. हसण्याचे तीन तुकडे मिळाले. ठमीचं हसू घेतलं त्या आठवड्यात त्यांनी तीन बाळं रेकॉर्ड केली होती : ठमी, त्यांची भाची आणि रिसेप्शनवालीचा मुलगा. फाइल्सवर नावं नाहीत, नुसते आकडे.

"त्यात काय! आई आहेस. ओळखशीलच."

मी पहिला ऐकला, दुसरा ऐकला, तिसरा ऐकला. परत पहिला. मला ओळखता येईना.

घरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलं.

"दुसरा. शंभर टक्के," नवरा म्हणाला.

"छे, तिसरा," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी उचकी लागते बघ. हाही लहानपणी असाच हसायचा."

"मी उचक्या द्यायचो, आई?"

"अजून देतोस. जेवताना तोंड बंद असतं का तुझं?"

पण उचकी तर पहिल्यातही होती. ठमीने तिन्ही वेळा फोन उलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाळ कुठंय?"

न राहवून मी जावईबापूंनाही विचारलं. उत्तर आलं : 'यांपैकी कोणती फाइल वापरात होती हे सांगण्यास पुरेशी माहिती नाही.' त्या दिवशी तेवढं एकच प्रामाणिक उत्तर मिळालं.

तिचा ताप, तिची झोप, तिने ओकलेलं दूध, मला तारीखवार आठवतं. मग हसूच कसं आठवत नाही? की ती हसायची तेव्हा मी तिला ठसका तर लागणार नाही ना, एवढंच बघत होते?

साफसफाईच्या टूलखाली आता 'कधी वापरू नये' असं दीड पान आहे. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ही सूचना आहे की पाळणाघराला लिहिलेली चिठ्ठी?"

असो. तुम्ही आमचा गेम अगदी सुरुवातीला घेतला असेल आणि ते मशीन त्यानंतर इंटरनेटला जोडलं नसेल, तर हात जोडते, अपडेट करू नका. माळ्यावर जा. पाळण्याजवळ उभे राहा. एक मिनिट कशालाही हात लावू नका. अवघड जातं, मला ठाऊक आहे. ती अजून तिथे आहे का, बघा. आणि हसली, तर शेवटी उचकी लागते का, तेवढं मला कळवा.