नाव काढलं होतं

नववी 'ब'ला भाषेच्या बाईंनी प्रश्न विचारला की बेचाळीस माना एकदम खाली जायच्या. जणू कुणाची टाचणी पडली होती आणि सगळे मिळून ती शोधत होते. हीच मुलं मधल्या सुट्टीत कान किटवायची. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "कशाला जिवाला लावून घेता?" असं शिक्षकखोलीत सगळे म्हणायचे. पण ती शांतता बाईंच्या जिव्हारी लागली होती. शेवटी भाचीकडून शिकून त्यांनी फोनवर वर्गाचा ग्रुप काढला. संध्याकाळी सात ते आठ, रोज एक प्रश्न.

पहिला आठवडा नुसते अंगठे आले. मग एकाने लिहिलं, "बाई, गृहपाठ करणाऱ्यालाच जास्त गृहपाठ का मिळतो?" आणि बांध फुटला. मुलं भांडू लागली, समजावू लागली. 'फोनचं खूळ' म्हणून नाक मुरडणारे मुख्याध्यापकही ग्रुपमध्ये येऊन वाचू लागले.

एक मुलगी तेवढी गप्पच होती. वर्ग तिला मौनी म्हणायचा. हजेरीलाही ती फक्त हात वर करायची.

एका गुरुवारी बाईंनी विचारलं, 'शिकलेला माणूस कोणाला म्हणायचं?' आठ वाजून गेल्यावर मौनीचा संदेश आला. ग्रुपवर नाही, एकट्या बाईंना.

"माझ्या बाबांना वाचता येत नाही. हे फक्त आईला आणि मला माहीत आहे. ते यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात आहेत. खोक्यावरचं नाव ते चित्रासारखं लक्षात ठेवतात. अशी तीन हजार चित्रं त्यांच्या डोक्यात आहेत. नवं नाव आलं की फोटो काढून आणतात, मी वाचून दाखवते. कुणी कागद पुढे केला तर चष्मा घरी राहिला म्हणतात. बाबांना चष्मा नाहीच. मला वाटतं, ते शिकलेले आहेत. बाई, हे ग्रुपवर नको."

बाईंनी ते तीनदा वाचलं. तीस वर्षांत कुणा मुलाने असं लिहिलं नव्हतं. ते आपल्याजवळच ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. नाव काढलं तर काय बिघडतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी नाव आणि शेवटची ओळ काढून त्यांनी मजकूर ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'तुमच्यातल्याच एकाने लिहिलंय. असं लिहायचं असतं.' मुख्याध्यापक वाचतील हेही मनात होतं. पण ते त्यांनी कबूल केलं बऱ्याच दिवसांनी, आणि तेही फक्त स्वतःशी.

मुलांनी कौतुकाचा पाऊस पाडला. एकाने ते घरी वडिलांना दाखवलं. त्याचे वडील त्याच गोदामात कारकून होते.

पुढच्या बुधवारी मौनीचे वडील शाळेत आले. मोकळ्या वर्गात बाकाच्या कडेला बसले. माणूस धिप्पाड होता, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"सोमवारी एकाने माझ्यापुढे पेपर धरला," ते म्हणाले. "म्हणाला, आज चष्मा आणलाय का? सगळे हसले. आता मला गाड्या भरायला लावलंय."

"चूक माझी आहे. तिने ग्रुपवर टाकू नका म्हणून सांगितलं होतं."

"हो, बोलली ती. दोन दिवस जेवली नाही. मी भांडायला नाही आलो, बाई. तिने काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून. तिला वाच म्हटलं की रडते. तुम्ही वाचून दाखवता का?"

बाईंनी फोन काढला. 'मला वाटतं, ते शिकलेले आहेत'पाशी त्या अडखळल्या. वडील खिडकीकडे बघू लागले. मग बाईंनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"तीन हजार नाहीत," ते सावकाश म्हणाले. "चार हजारांच्या वर आहेत. पोरीला मोजता नाही आलं." ते उठले. "तिला याबद्दल काही बोलू नका. तिला वाटतं, तिच्यामुळे झालं."

बाईंना राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मौनीला थांबवलं आणि माफी मागितली. मुलगी दप्तराचा पट्टा सारखा करत होती.

"असू दे, बाई," ती म्हणाली. तिने बाईंशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

ग्रुप बंद करावा असं बाईंच्या मनात आलं, पण बाकीच्या एकेचाळीस जणांचा काय दोष? प्रश्न रोज जात राहिले. मौनी ग्रुपमधून बाहेर पडली नाही, पण तिने पुढचा एकही प्रश्न उघडला नाही. कुणी वाचलं त्याची यादी बाई रोज बघायच्या.

वार्षिक परीक्षेत तिचा निबंध तपासायला त्यांच्याच हाती आला. अक्षर सुरेख, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळा गाइडमधून पाठ केलेला. त्यात तिचा स्वतःचा एक शब्दही नव्हता. बाईंनी लाल पेन धरून तो पुन्हा वाचला. गुण कापायला जागाच नव्हती. त्यांनी दहापैकी नऊ दिले, निबंधाला याहून जास्त त्या कधीच देत नसत, आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.