गिताबाईची थोरली

आई गेल्यानंतर खुटबावच्या महिला दूध केंद्रात माझा प्रोग्राम पहिल्यांदाच चालणार होता. त्या सकाळी हौसराव आबा राहूहून मोटारसायकलवर आले आणि काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले. आबा दूध संघाचे चेअरमन.

"पोरी, बायांचं हे केंद्र झुंबरबाईच्या जिवावर चालत हुतं," ते म्हणाले. "आता ती न्हाई. आज गडबड झाली तर केंद्र राहूच्या डेअरीत घ्यायचं, आसं ठरलंय."

झुंबरबाई म्हणजे माझी आई.

केडगावहून रेल्वेनं पुण्याला नोकरीसाठी जाता-येता मी हा प्रोग्राम लिहिला, तिच्यासाठीच. तिची अट एकच होती. सभासदांना नंबर देऊ, असं मी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "बिल्ला म्हशीच्या कानात असतो. बाईला कशाला?" म्हणून मी नाव, आडनाव आणि वस्ती या तिन्हींची मिळून एक किल्ली केली. नोंदी ठेवायला हॅश टेबल घेतलं; ते म्हणजे कप्प्यांचं कपाट. किल्लीत काय आहे यावरून संगणक कप्पा ठरवतो आणि नेमका तोच उघडतो. सगळं कपाट धुंडाळावं लागत नाही. प्रत्येकीच्या कप्प्यात तिच्या आजवरच्या दुधाची नोंद मी भरून ठेवली होती.

रांग चांगली सरकत होती. आईच्या हाताखाली तयार झालेली नकुशीमावशी दुधाची फॅट तपासत होती आणि संगणकही चालवत होती. मग पूनम आली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेली. गावातल्याच दुसऱ्या वस्तीवर तिला दिली होती, सोबत माहेरची एक गाय.

"मावशी, नाव बदल माझं. राजनंदिनी लिव आता."

"ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं तेच न्हवं का? मग लाजती कशाला? मोठ्यानं सांग की!"

बाया हसल्या. मावशीनं तिचं नाव, आडनाव, वस्ती, सगळंच बदललं आणि दूध मापात ओतलं. पडद्यावर आलं, 'सभासद सापडत नाही.'

मावशीनं पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

"आता गं बया! आत्ता तर हितं दिसत हुती."

"म्हंजी लगीन झालं की बाई गायबच व्हय?" रांगेतून गिताबाई म्हणाली. ती पूनमची आई.

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. दूध न्यायचा टेम्पो यायची वेळ झाली होती.

काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. पूनम कपाटातच होती, जुन्या नावानं ठरलेल्या कप्प्यात. मी किल्लीच बदलू दिली होती, त्यामुळे संगणक नव्या नावाच्या कप्प्याकडे जात होता आणि तो रिकामा होता. प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला असता तर सगळे कप्पे नव्यानं लागले असते आणि आबांना काही कळलंही नसतं. पण लग्नसराई होती, उद्या आणखी कुणी नाव बदलून आलं असतं. आणि तेवढ्यापुरतं भागवणं आईला कधीच चाललं नसतं.

"झुंबरबाईनं नाव इचारलंच नसतं," गिताबाई बोलतच होती. "'गिताबाईची थोरली आली का,' म्हणून माप लावलं आस्तं."

खरं होतं. आई सगळ्यांना तशीच हाक मारायची. माहिती भरतानाही ती माझ्याशेजारी बसून प्रत्येकीला तिच्या आईचं नाव आणि तिची स्वतःची जन्मतारीख विचारत होती. मी ते भरलं, पण किल्लीत घेतलं नाही. आडनाव बदलतं, वस्ती बदलते, आमच्याकडे तर नावही बदलतं. आई तेवढी बदलत नाही.

"आबा, टेम्पो जरा थांबवता का?"

"थांबवतो. पण जराच."

मी नवी किल्ली केली, आईचं नाव आणि जन्मतारीख. एकदा कप्प्यात ठेवली की कुणालाही बदलता येणार नाही, अशी ती बंद केली. या दोन गोष्टी जुळल्या की बाई तीच, हेही संगणकाला सांगितलं. बाईचं स्वतःचं नाव किल्लीबाहेर ठेवलं. ते हवं तितक्यांदा बदलावं.

"मावशी, आता कुणाची ते लिही."

मावशीनं गिताबाई लिहिलं, तारीख घातली. राजनंदिनी पडद्यावर आली, पूनम असतानाच्या सगळ्या दुधासकट. पावती निघाली. पूनमनं ती रांगेतल्या आईला लांबूनच दाखवली.

आबा खुर्चीतून उठले. "माझं घाला बरं. मी घावतोय का बघू."

"तुम्ही कुठं आमच्यात सभासद?" मावशी म्हणाली. "आन् हितं आयचं नाव सांगावं लागतंय. येतंय का चेअरमनला?"

"केशरबाई," आबा म्हणाले. मग रांगेकडे वळून, "केशरबाईचा हौसराव."

बाया हसल्या. आबाही हसले. टेम्पोत कॅन चढत असताना ते माझ्याकडे वळले. "केंद्र हितंच ऱ्हाईल."

शेवटची किटली माझी होती. आईच्या गाईची धार आता मीच काढते. मावशीनं दूध मापात ओतलं, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता, आई विचारायची तसं मोठ्यानं विचारलं, "कुणाची गं तू?"

टेम्पोपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "झुंबरबाईची."