वहीत नसलेली पाटी

मी एक जुनी नंबरपाटी आहे. गाडीच्या मागची. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण मागच्या पाटीला पुढचं काही दिसत नाही. गाडी कुठे निघाली आहे ते मला कधीच कळलं नाही. कुठून निघाली तेवढं दिसत आलं. घर मागे जाताना पाहिलं, झाडं मागे जाताना पाहिली, हात हलवणारी माणसं लहान लहान होत गेलेली पाहिली. तेव्हा माझ्या सांगण्यात गोंधळ वाटला तर रागावू नका. तो माझ्याही मनात तसाच आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पांढऱ्या पत्र्याची पट्टी, वर दाबाचं यंत्र; एक दाब बसला आणि अक्षरं पोटातून वर आली. मग त्या उठलेल्या अक्षरांवरून काळ्या रंगाचा रूळ फिरला. आधी माझी बहीण निघाली, पाठोपाठ मी. ती पुढची, मी मागची. रंग वाळेपर्यंत आम्ही एकमेकींना लागून निजलो होतो. पुढे एकाच गाडीवर राहिलो, पण तोंड कधी दिसलं नाही.

आमच्याकडे जादा पैसे भरले की नंबराऐवजी हवं ते नाव घेता येतं. कारागिरानं मला उचलून वाचलं. "तायडी ७? साहेब, हा काय नंबर झाला?"

"मोठ्या बहिणीचं नाव आहे," मालक म्हणाले. मालकांचं चष्म्याचं दुकान होतं.

"गाडी त्या चालवणार का?"

"छे. तिला गाडी लागते. दहा मिनिटं बसली की तोंडाला रुमाल."

"मग नाव कशाला?"

"आत बसता येत नाही तर बाहेरून वाचू दे, म्हणून."

"आणि सातच का?"

"एक ते सहा आधीच गेलेत."

कारागीर हसला. "म्हणजे आणखी सहा तायड्या फिरताहेत."

"फिरू देत. माझी ही."

मला हे काही उमगलं नाही. मी पाटी की तायडी, आणि बाकीच्या सहा माझ्या कोण? विचारणार कुणाला? बहीण तर गाडीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली होती.

खरी तायडी त्याच दिवशी भेटली. चौकातल्या सिग्नलला लागून तिची लाँड्री होती. दर्शनी काच, काचेमागे कपड्यांच्या घड्या, आणि आत इस्त्रीची वाफ. वाफेनं काच धुरकट व्हायची आणि तायडी बाहीनं त्यात एक गोल पुसायची. त्या गोलातून ती गाड्या बघायची. साध्या नाही, नावाच्या. ज्या पाट्यांवर कुणी हौसेनं आपलं नाव, लाडकं नाव किंवा गंमत लिहून घेतली आहे, तेवढ्याच. दिसली की वहीत टिपायची: तारीख, वेळ, गाडीचा रंग, ऊन की पाऊस. हा छंद दोघा भावंडांनी लहानपणी याच दुकानाच्या पायरीवर बसून लावून घेतला होता; जास्त टिपेल तो जिंकला. भाऊ मोठा झाला, चष्म्यांत अडकला. तायडीची मात्र एकोणिसावी वही चालू होती.

पहिल्या दिवशी ती ओला फडका घेऊन बाहेर आली आणि वाकून मला वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग माझ्यावर धूळ नसताना मला पुसलं.

"वेडा आहेस, धाकट्या," ती म्हणाली.

"लिही की वहीत."

"चल, हो पुढे. सिग्नल सुटला."

ती हसत होती. मी मागे बघत निघाले तेव्हा ती हसतच लहान लहान होत गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लखलखीत दिवस.

मग पाच वर्षं रोज सकाळी सव्वानऊला आम्ही त्या सिग्नलला थांबायचो. तायडीसोबत इस्त्रीवाले काका असायचे. त्यांची नजर तिच्याहून तेज.

"ताई, लाल गाडी. 'आजोबा १'."

"लिहिली."

"मागून पांढरी. 'पळते मी'."

"पळते कसली, उभीच आहे. लिहिली."

दार उघडं असलं की मला सगळं ऐकू यायचं. आमच्या पुढची गाडी वहीत जायची, मागची जायची. मला मात्र ती नुसतं बघायची, आणि पेन्सिल तशीच राहायची. एकदा तर तायडी ३ आमच्या मागे येऊन उभी राहिली. कुणाची कोण, जुनाट तपकिरी गाडी, एका कोपऱ्यात पोचा आलेला. तिलाही लिहिलं. त्या दिवशी मला फार लागलं. माझं काय चुकलं? अक्षरं वाकडी आहेत का? चिखल आहे का? मी पावसात धुऊन निघायची वाट बघू लागले. पाऊस पडला, धुऊन निघाले, तरी पेन्सिल हलली नाही.

मग त्या दोघांचं बिनसलं. तायडीचे गुडघे धरायला लागले होते. मालकांना वाटलं, आता तिनं आराम करावा. असं वाटणं चांगलंच. पण त्यांनी तिला न विचारता एक कागद छापून आणला, 'दुकान देणे आहे', आणि तिच्या काचेवर चिकटवला. ती जिथे गोल पुसायची, नेमका तिथे. तायडी आली, तिनं कागद बघितला, नखानं खरवडून काढला.

"माझे गुडघे मी बघेन," एवढंच म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठीच."

"मला विचारलं होतंस?"

त्यानंतर दोन वर्षं दोघं बोलली नाहीत. आम्ही सिग्नलला थांबायचो. काचेत गोल असायचा, गोलात तायडी असायची, तायडीच्या हातात पेन्सिल. मालक आरशातून बघायचे. शेजारी मालकीणबाई असल्या तर विचारायच्या, "आज?"

"पुढची लिहिली. मागची लिहिली. आपली सोडली."

"अहो, पण आधी तरी लिहायच्या का?"

"आधीही नाही, पण तेव्हा मी मनावर घेतलं नाही. आता कळतं, मला वगळते. गाडीवर तिचंच नाव असून."

"मग जाऊन बोला ना."

"मी का? तिनं बोलावं."

आणि एका सोमवारी मालकांनी ठरवून टाकलं. साधा नंबर मागून घेतला. नावाच्या पाट्या बुधवारी कार्यालयात परत द्यायच्या. मग ते नाव मोकळं होतं, आणि मागेल त्याला मिळतं. मला खोलून काढलं. बहिणीलाही काढलं. दुकानाच्या काउंटरवर चष्म्यांच्या घरांशेजारी दोघींना एकीवर एक ठेवलं.

इतक्या वर्षांनी बहिणीची पाठ माझ्या पाठीला लागली. मी तिला पहिलं हेच विचारलं, "तायडी आपल्यावर एवढी का रागावली आहे?"

"रागावली?" बहीण म्हणाली. "अगं, मी समोरून बघते ना. आपण वळणावर दिसलो की ती इस्त्री उभी करते. लगबगीनं काच पुसते. दुसऱ्या कुणासाठी इतकी घासून पुसत नाही. आपण थांबेपर्यंत गोल तयार असतो."

मी कधी बघितलंच नव्हतं. माझ्या वाट्याला नेहमी पुसून झालेली काच आली होती. आता तर मी आणखीच गोंधळले. वाट बघते, आणि लिहीत नाही?

मंगळवारी दुपारी दुकानाचं दार ढकलून तायडी आली. तोंडाला रुमाल, चेहरा पांढराफटक. टॅक्सीनं आली होती. मालकांनी हातातली चष्म्याची दांडी तशीच टाकली आणि खुर्ची ओढली.

"पाणी देऊ?"

"आधी सांग, पाट्या कुठे गेल्या? आज तुझ्या गाडीवर कसला तरी नंबर होता. काकांनी ओळखली, मी नाही ओळखली."

"उद्या परत देतोय." मालक आमच्याकडे बघत राहिले. "तायडे, सात वर्षं ही गाडी तुझ्या दारात थांबते. जगातल्या पाट्या लिहिल्यास. ही एकदाही नाही. तो तपकिरी खटारासुद्धा वहीत आहे."

तायडीनं रुमाल खाली घेतला.

"घरची गाडी धरायची नाही."

"काय?"

"नियम तुझाच. बाबांची नावाची गाडी रोज दारात उभी असायची, ती मी रोज लिहायचे आणि रोज जिंकायचे. तू रडून घर डोक्यावर घेतलंस. मग आपण ठरवलं. वहीत परक्यांच्या गाड्या. घरची धरायची नाही. मी आजवर नाही धरली. विसरलास?"

 मालक खरंच विसरले होते. डोळे तपासता तपासता लोकांना बारीक अक्षरं वाचायला शिकवणारा माणूस, आणि सात वर्षं समोरचं वाचू शकला नव्हता.

"तू बोलत का नव्हतीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तो कागद तू लावलास. सॉरी तू म्हणायचं." तायडी उठली, काउंटरपाशी आली आणि बोटानं माझी अक्षरं चाचपली. "उद्या हे नाव कुणीतरी घेईल. माझ्या सिग्नलला येऊन थांबेल. मग मला ते लिहावं लागेल, धाकट्या. तायडी ७, तारीख, वेळ, गाडीचा रंग. ते मला लिहायला लावू नकोस."

मालकांनी आम्हा दोघींना उचललं. बाहेर गाडीपाशी आले, पण मोठा पेचकस सापडेना. मग चष्म्यांचे स्क्रू आवळायचा, काडीएवढा पेचकस घेऊन ते गाडीमागे उकिडवे बसले.

"त्यानं काय होणार," तायडी म्हणाली.

"होईल. वेळ लागेल." एक स्क्रू अर्धा गेल्यावर ते खाली मान घालूनच म्हणाले, "विचारायला हवं होतं. तो कागद. चुकलं माझं."

"सरळ लाव. डावीकडे कललीये."

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे. ७ चा शेंडा गेला आहे. गाडी भंगारात गेली तेव्हा आम्हा दोघींना मात्र त्यांनी जाऊ दिलं नाही. बहीण चष्म्याच्या दुकानात आहे. मी लाँड्रीत, इस्त्रीच्या वर, खिळ्याला. आता मला सगळं समोरून दिसतं. काचेत गोल पुसलेला दिसतो, आणि तायडीची चोविसावी वही दिसते.

त्या चोवीस वह्यांत मी कुठेच नाही. हे चांगलं झालं, असं सगळे म्हणतात. मलाही चांगलं वाटतं. का ते अजून नीट सांगता येत नाही. तुम्हाला एवढंच सांगते, तुमच्याही घरी कुणी तुमच्याकडे नुसतं बघत असेल आणि काही लिहीत, बोलत नसेल, तर पाटी काढून ठेवण्याआधी एकदा जाऊन विचारा. आणि जाताना मला जरा फडका मारा. वाफेनं फार लवकर धूसर होते मी.