शनेलचा पहिला ठिपका

सार्डिनच्या डब्याचं झाकण, त्यात निळा रंग. भाजलेली कांगारूची शेपटी. लोकरीची लाल टोपी. ऑस्ट्रेलियातल्या तनामी वाळवंटाच्या रस्त्यावर फुटलेला टायर. एका माणसाचं नाव, जे कोणी उच्चारत नाही.

मित्रांनो, या सगळ्यांच्या संगतीत माझं आयुष्य गेलं. मी ठिपके ठेवायची काडी. लोर्नामावशीने मला मल्गाच्या झुडपावरून तोडलं, दगडावर घासून माझं टोक बोथट केलं आणि त्या लाल टोपीत खोचलं. तिच्या बापाचा पाणवठा आम्ही दोघींनी कितीदा तरी रंगवला. चित्रं दूरदेशी गेली. काडीचं कौतुक कोणी करत नाही. पण असा हात लाभल्यावर मला त्याचं काय?

मग मावशी शाळेत शिकवायला गेली. पोरं ओट्यावर मांडी घालून बसली.

"ठिपका ओढायचा नाही, ठेवायचा," मावशी म्हणाली. "घाई केलीत तर त्याला शेपूट फुटतं."

मग तिने प्रत्येकाला आपल्या बापाची जागा रंगवायला सांगितली. मावशीच्या बहिणीची मुलगी शनेल झाकणातला रंग ढवळत बसली. ती कडेवर होती तेव्हाच तिचा बाप गेला. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, आणि त्याची जागा तिला कोणी दाखवलेली नव्हती. शेवटी तिने मला उचललं आणि मावशीचा पाणवठा रंगवला. वर्तुळात वर्तुळ, भोवती गेरू, भोवती पांढरा. असे टपोरे, सारखे ठिपके माझ्याकडून मावशीनेही क्वचितच ठेवून घेतले होते.

पण ओट्यावरची पोरं एकमेकांकडे बघू लागली. आमच्यात बापाकडून आलेली जागा रंगवायची असते. आईकडून आलेली राखायची असते, रंगवणाऱ्यावर नजर ठेवून.

"काय गं," मागे बसलेल्या पोरांतली रोझलिन म्हणाली, "तुझा बाप कधीपासून इकडचा झाला?"

शनेलचा चेहरा उतरला. "मग मी काय काढू? मला दुसरं काही ठाऊकच नाही."

मावशी रागावली नाही. "माझं चित्र चुकलं तर टोकायचं काम तुझं आहे, बाई. तूच रंगवायला बसलीस तर मला टोकणार कोण?"

खरवडायचं नाही, झाकायचं, असं तिने सांगितलं. शनेलने माझ्याच टोकाने पांढरे ठिपके ठेवले. वाळूत पाणी मुरावं तसा तो पाणवठा त्यांच्याखाली गेला.

मावशीने फोन केला आणि शनेलची आत्या मेव्हिस आली; वाटेत टायर बदलावा लागला म्हणून साऱ्या रस्त्याला शिव्या घालत. भाजलेली शेपटी माझ्यासाठी ठेवलीत की सगळी हाणलीत, हे तिने आधी विचारलं. खाऊन झाल्यावर तिने तळव्याने वाळू सारखी केली आणि गुणगुणत बोटाने काढू लागली: विहीर, वाट, दोन टेकड्या. मावशी उठली आणि पाठ करून चहाचं आधण बघत बसली. ती जागा तिची नव्हती.

शनेलने मला रंगात बुडवलं.

"मधलं पाणी आधी," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाचं. आता तुझं."

शनेलने ठिपका ठेवला. आयुष्यात मी हजारो ठिपके ठेवले. त्याच्याइतका सावकाश एकही नाही.

आता माझं टोक झिजलं आहे. मित्रांनो, रंग सुकायच्या आत काडी धुऊन ठेवत जा. आणि तुमची जागा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आजच बोलवा.

मेव्हिसआत्याने स्वतः ती विहीर शेवटची पाहिली, तेव्हा तिचेच दुधाचे दात पडत होते; वाळूत काढलेलं सगळं तेव्हापासून तिने नुसतं आठवणीत जपलेलं.