ठेवणीतला हात

“तिघायचं जाळं दोघायनं ओढाचं, अन् तिसऱ्यानं पाळीवर बसून अंडे खाचे,” कुंता टोपलीतल्या झिंग्यांना सांगत होती. झिंग्यांना सांगितलं की भांडण होत नाही. तिचा नवरा दादाजी जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, म्हणून तो पाण्याकडे फारच लक्ष देऊन बघत होता.

तिसरा म्हणजे तिचा दीर मिथुन. चोवीस वर्षांचा धडधाकट गडी चैताच्या उन्हात तलावाच्या उंच मातीच्या पाळीवर बसलेला, आणि उजव्या हाताला लोकरीचा मफलर गुंडाळलेला. तो हात पोंभुर्ण्याच्या टूर्नामेंटसाठी राखून ठेवला होता.

दादाजी गावच्या टीमचा कप्तान. त्या साली वर्ल्ड कप होता, आणि मोठ्या टीमा आपले बॉलर साध्यासुध्या मॅचीत वाया घालवत नाहीत असं त्यानं पानठेल्यावरच्या रेडिओत ऐकलं. त्याला ते इतकं पटलं की घरी येऊन तो जेवलाही नाही. त्याच्याजवळही एक बॉलर होताच. मागच्या उन्हाळ्यात, तलावाच्या आटलेल्या भागात, दिवस बुडताना मिथुननं दोन ओव्हरींत पाच गडी काढले होते. सूर्य त्याच्या पाठीशी, बरोबर पाळीवर टेकलेला. पाचही जण डोळ्यांवर आडवा हात धरून बाद झाले. हे अख्ख्या गावानं पाहिलं, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. पाच गडी काही रोज पडत नाहीत. मग पाऊस लागला, तलाव भरला, आणि मिथुनचं नाव झालं ते झालं.

आता या राखण्याची गावात साथच आली. सलामीच्या लहानूनं पाय राखले. तो शेतावरही दुसऱ्याच्या सायकलवर मागे बसून जाऊ लागला. कीपर बिरजूनं गुडघे राखले. मारुतीला उभ्यानंच नमस्कार. नवी बॅट तर कुंताच्या ठेवणीतल्या लुगड्यात गुंडाळून पेटीत गेली. शेजारच्या गावाशी दर आयतवारी मॅच असायची, तिथे उरलेसुरले खेळले आणि ओळीनं नऊ वेळा हारले. दादाजी घरी येऊन म्हणायचा, हारलो नाई, राखलं.

एकदा कुंतानं मिथुनला चुलीमागं गुपचूप कांदे फेकताना पाहिलं. नेम टोपलीवर होता. कांदे पाण्याच्या पितळी गुंडावर, कोंबडीवर, एक तर तिच्याच पायावर.

“वहिनी,” तो म्हणाला, “मले आयतवारी खेळाचं आहे. हारलो तरी चालते.”

भावाले सांग, म्हणाली ती. त्यानं नुसतं मफलरकडे पाहिलं.

टूर्नामेंटच्या दिवशी टेम्पोत टीम, भाताचा डबा आणि डबा सांभाळायला कुंता. पोंभुर्ण्याचं मैदान सपाट, पाळ नाही न काही, आणि अकराचा सूर्य थेट डोक्यावर. दादाजीनं सगळ्यांसमोर मफलर सोडला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला बॉल स्टंपांऐवजी मंडपात गेला. आयोजकांनी ट्रॉफी उचलून मांडीवर घेतली. दुसऱ्या बॉलला त्यांनी मांडीसकट जागा बदलली. ती ओव्हर सतरा बॉलांची झाली; लाउडस्पीकरवाल्यानं अकरापर्यंत मोजलं आणि माइकवरूनच चहा मागवला. लहानूचे राखलेले पाय दुसऱ्याच धावेला आखडले, बिरजूचे गुडघे वाकेनात. बॅटीला डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा छान येत होता.

परतीच्या टेम्पोत सगळ्यांजवळ कारणं होती. लहानू म्हणाला, बॉलच जास्त नवा होता. बिरजूच्या मते मैदानाला उतार होता. अंडी उष्ण पडली, असंही निघालं. शेवटी दादाजीनं जाहीर केलं की चूक राखण्यात नाही, राखणं कमी पडलं. पुढच्या साली दिवाळीपासून राखू, आणि दोन्ही हात राखू. माना हलल्या. कुंतानं डब्याचं झाकण उगाच उघडलं, लावलं. ती मिथुनकडे बघत होती.

मिथुननं मफलरची नीट घडी केली आणि भावाच्या मांडीवर ठेवली.

“दादा, मले बॉलिंग येतच नाई. ते पाच जण सूर्यानं काढले होते. मले आयतवारी खेळू दे, अन् राखाचंच असंल, त सूर्याले राखून ठेव.”